ताई, साडेसातची तुम्ही बंद पाडलीत

ताई, तुमच्या तेराव्याला तो आला होता. बेव्हर्ली पार्कहून, बायकोला घेऊन, रिक्षाने. तुमच्या फोटोसमोर हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला आणि मग पंगतीत बसून श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मी वाढत होते. दुसऱ्यांदा वाढताना वाटलं, पातेलंच पालथं करावं याच्या डोक्यावर. केलं नाही. तुम्हीही केलं नसतंत. तुमची रीत वेगळी होती आणि ती मला अजून नीट जमत नाही.

त्या दिवशी सगळे तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते. कष्टाळू होत्या, सोशिक होत्या, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सावंतकाकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "मुंगीला पण कधी दुखवलं नाय हो मंदाताईंनी." मी मान हलवली. मनात म्हटलं, मुंगीचं सोडा काकू, एका माणसाला त्यांनी असा धडा दिला की तुम्हा सगळ्यांच्या हातून दिला आणि तुम्हाला पत्ता लागला नाही. सोशिक म्हणे! मेलेलं माणूस लोकांना नेहमी गरीबच वाटतं. आमच्या ह्यांनीही, म्हणजे तुमच्या भावाने, भिंतीवर लावायला तुमचा तो गरीब चेहऱ्याचा फोटो निवडलाय. मला तो मुळीच आवडलेला नाही.

म्हणून हे लिहितेय. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. ती सांगायला मला चार वर्षं मिळाली होती, त्या चार वर्षांत रोज तुम्ही माझ्या हातचं जेवलात आणि मी गप्प राहिले.

आपण या इंद्रलोक वसाहतीत राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमध्ये एक लेखक राहतो याचं मला केवढं अप्रूप होतं! तिसरा मजला, जिन्याला लागून दार. साडेसातच्या मालिकेचे संवाद तो लिहायचा. त्याची बायको नीता माझ्याच वयाची. दुपारी मी तिच्याकडे भाजी निवडायला जायचे, चहा व्हायचा, आणि आतल्या खोलीत पडद्यामागे तो लिहीत बसलेला असायचा. तुम्ही तेव्हा कारखान्यात. दिवसभर स्टीलच्या थाळ्या तपासायच्या, ओरखडा दिसला की बाजूला काढायची, बाकीच्या कागदात गुंडाळायच्या, आणि संध्याकाळी सातला घरी. तुमच्या दिवसात टीव्हीला जागाच नव्हती. टीव्ही माझा होता आणि तिसरा मजलाही माझा होता.

तिथेच एका दुपारी, गवार मोडता मोडता, मी नीताला तुमची गोष्ट सांगितली.

तुम्ही ती मला एकदाच सांगितली होतीत. माझं पहिलं पोटातच गेलं त्या आठवड्यात. मी जेवत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि तुम्ही रजा काढून माझ्या उशाशी बसला होतात. लग्नाच्या चौथ्या दिवशी नवरा "चिपळूणला जाऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. अकरा महिने तुम्ही दोन्ही वेळेला त्याचं ताट वाढलंत. कुणी सांगितलं म्हणून नाही, तुम्हालाच वाटायचं म्हणून. दारात उभ्या राहून हाका मारायचात आणि मग ते ताट गोठ्यात नेऊन गाईपुढे ठेवायचात. शेवटी तुमचे वडील येऊन तुम्हाला घेऊन गेले. "एवढंच गो," म्हणालात, "नंतर भूक लागते माणसाला. तू पण ऊठ, दोन घास खा." मी उठून जेवले होते.

अशी गोष्ट. ती मी गवारीबरोबर मोडली.

दोन-अडीच महिन्यांनी मालिकेत गुलाबआत्या आली. साडेसात वाजले की आपल्या बिल्डिंगच्या खिडक्याखिडक्यांतून एकच गाणं यायचं, तुम्ही नुकत्याच पाय धुऊन चहाला बसायचात. त्या दिवशी पडद्यावर एक जाडजूड बाई, केसांत हातभर गजरा, नवऱ्याचं ताट वाढून दारात उभी. नवरा चौथ्या दिवशी पळालेला. ती हाका मारते, तोवर घरातली पोरं ताटातलं मटकावतात, आणि ती वळून म्हणते, "अगंबाई, हे जेवून गेले वाटतं!" मागे हसण्याचा आवाज. तुम्ही हातातला कप खाली ठेवला नाहीत. चहा पूर्ण प्यायलात, कप विसळलात आणि मला विचारलंत, "तांदूळ निवडलेस का गो?" मी हो म्हटलं. मला वाटलं, यांच्या लक्षातच आलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या तर भर उजेड होता, आणि तरी मी स्वतःची समजूत घातली.

मग कारखान्यातल्या बायका सुरू झाल्या. तुम्ही एकट्या, गळ्यात मंगळसूत्र, आणि हातात दिवसभर थाळ्या. त्यांना तेवढं पुरलं. "ए गुलाबआत्या, एक थाली बाजू में रख, तेरा आदमी आयेगा." तुम्ही हे मला हसत सांगितलंत, पण त्या आठवड्यापासून तुम्ही त्यांच्याबरोबर डबा खायला बसेनाशा झालात. नळाजवळ उभ्याने खायचात. बिल्डिंगमधली पोरं जिन्यात तुम्हाला बघून "अगंबाई!" म्हणायची. एकाच्या मी कानफटात मारली होती, आठवतंय? त्याची आई भांडायला आली तेव्हा तुम्हीच तिला चहा दिलात. मला त्या बाईचाही अजून राग आहे आणि त्या चहाचाही.

मी म्हटलं, "ताई, वर जाऊन त्याला चांगलं सुनावू या."

"सुनावून काय करायचं? उद्या तेही लिहील," तुम्ही म्हणालात. "त्याची साडेसातची बंद पाडायची."

मला हसू आलं. आपण कोण, ती मालिका कुठे! पण तुम्ही थाळी तपासावी तशी ती मालिका तपासायला घेतलीत. आठ दिवस जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या रांगेत, जी भेटेल तिला विचारत होतात. आवडते का? एकीलाही आवडत नव्हती. हंसाबेन म्हणाल्या, "बकवास है मंदाबेन, एकदम बकवास. लेकिन कल क्या हुआ, देखना तो पडेगा ना." सावंतकाकू म्हणाल्या, "टुकार हो. पण आता इतकी बघितलीय तर." आणखी एक म्हणाली, न बघून करू काय, दुसऱ्या दिवशी सगळ्या त्याच्यावरच बोलतात, माझं तोंड शिवलेलं राहतं.

यावरून आपलं भांडण झालं होतं. माझं म्हणणं, इतकी भिकार आहे तर लोक आपोआप सोडतील. तुम्ही म्हणालात, "भिकार आहे म्हणून कोण सोडतं गो? नवरे सोडतात का बाया, भिकार आहेत म्हणून? उद्या काय होतंय एवढ्यासाठी बसल्यात सगळ्या. त्यांचं उद्या काढून घ्यायचं." मी म्हटलं, म्हणजे कसं? तुम्ही पोळपाट पुढे ओढलात.

त्यानंतर एकाएकी तुमच्या कारखान्यातल्या बायकांच्या घरी काय काय घडायला लागलं! कुणाच्या सासऱ्याने अकरा वर्षं बहिऱ्याचं सोंग घेतलेलं, सुना आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला. कुणाचं मृत्युपत्र तुळशीच्या कुंडीत पुरलेलं. तारोडी गावातल्या कुणा बाईची हरवलेली बहीण नेमकी तिच्या धाकट्या दिराशीच लग्न करून घरात आलेली. पोळ्या लाटता लाटता तुम्ही सांगायचात आणि मी दुसऱ्या दिवशी भाजीबरोबर तिसऱ्या मजल्यावर न्यायचे.

हो, मी अजून जात होते. माझं समर्थन तयार होतं. त्याला दुसरं काही मिळालं की तो तुम्हाला सोडील, असं मी मनाला सांगायचे. त्यात थोडं खरंही होतं. पण आता तुमच्याशी काय लपवायचं? तो स्वतः पडद्याबाहेर येऊन बसायचा, "मग पुढे काय झालं, वहिनी?" असं विचारायचा. माझ्या आयुष्यात तोवर मला कुणी "पुढे काय झालं" असं विचारलं नव्हतं. तुमच्या भावाने तर नाहीच.

पंधरा-वीस दिवसांनी बहिरा सासरा मालिकेत आला. आणि एका सकाळी टाकीपाशी, नळाला जोर नाही म्हणून सगळ्या कळश्या घेऊन उभ्या होत्या तेव्हा, तुम्ही सहज म्हणालात, "तो म्हातारा बहिरा नाय. फोनची घंटा वाजली की मान वळवील बघा. मान शुक्रवारी वळेल, शनिवार-रविवार टांगून ठेवतील, तोंड सोमवारी दाखवतील."

शुक्रवारी मान वळली. सोमवारी तोंड दाखवलं. मंगळवारी हंसाबेन कळशी टाकून तुमच्यापाशी आल्या. "मंदाबेन, आपको कैसे मालूम?"

"ऐसाच होता है," तुम्ही म्हणालात आणि कुंडीत काय पुरलंय तेही सांगून टाकलंत.

 मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही नळाकडे बघत होतात. यांना कळलंय का? कळलं असतं तर मला सोडलं असतं का यांनी? नसतं सोडलं, म्हणजे कळलेलं नाही, असा हिशेब मी मांडला आणि पुन्हा दुपारी वर गेले. दुसरी कुणी असती तर लाजेने घरात बसली असती.

मग बघता बघता बिल्डिंग फुटली. "आता कशाला बघायचं, ताईंनी सांगितलंय की," म्हणून सावंतकाकू साडेसातला खाली फिरायला जायला लागल्या. त्या गेल्या म्हणून तळमजल्यावरची गेली. बोलायला कुणी उरलं नाही म्हणून आणखी दोघी सुटल्या. तुम्ही साडेसातला कुणाची तरी रिकामी वाटी परत करायच्या निमित्ताने जिना चढायचात आणि प्रत्येक दाराशी क्षणभर थांबायचात. आत गाणं ऐकू आलं की तुमचा ओठ दुमडायचा. नाही आलं की घरी यायचात आणि मला म्हणायचात, "आज हंसाबेनकडे पण शांत आहे." त्या वेळचा तुमचा चेहरा भिंतीवर लावायला हवा होता. इतकं सुंदर मी तुम्हाला दुसरं कधी बघितलं नाही.

आणि एक दिवस मालिका बंद पडली. शेवटच्या भागात घाईघाईने सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं. गुलाबआत्याचा नवरा परत आला. हात धुऊन पाटावर बसला, तिने ताट पुढे ठेवलं, आणि तुम्ही उठून टीव्ही बंद केलात.

"अहो, बघू द्या तरी," मी म्हटलं.

"त्यात काय बघायचंय? वाढलं तिने."

"मग काय करायला हवं होतं? आला ना तो."

"माझा आला असता तर मी वाढलं नसतं," तुम्ही म्हणालात. "त्याच्यासमोर बसून मी जेवले असते. पोटभर."

मी त्यावर वाद घातला, की अकरा महिने वाट बघणारी बाई असं करणार नाही. तुम्ही म्हणालात, अकरा महिने वाट बघणारीच करील. हे भांडण आपलं तिथेच राहिलं. आता मला तुमचं पटतंय. पण आता पटून कुणाला सांगू?

दुसऱ्या दिवसापासून तुमच्या कारखान्यातल्या बायकांच्या आयुष्यात काही म्हणता काही घडेना. पोळ्या लाटताना तुम्ही पुन्हा पूर्वीसारख्या गप्प. महिनाभर मी वाट बघितली आणि मग मला लख्ख कळलं, की सासरा तुमचा, कुंडी तुमची, तारोडीची बहीण तुमची, आणि मी त्या सगळ्यांना वर पोचवणारी. म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मी तुमच्या शब्दाची वाट बघत बसले. आज बोलतील, उद्या बोलतील. तुम्ही बोलला नाहीत. ते लोक बेव्हर्ली पार्कला मोठ्या घरात गेले, सुंठेवाचून खोकला गेला असं तुम्ही म्हणालात, आणि तो विषयच संपवलात. कधी कधी वाटायचं, हाच माझ्यावरचा सूड आहे. हिला आयुष्यभर वाट बघायला लावायची. तसं असेल तर जबरदस्त होता, ताई. मला कित्येकदा जेवण गेलेलं नाही.

आणि मग तुम्ही गेलात. एक शब्द न बोलता.

तर तेरावा. पंगत उठली, थोडी माणसं राहिली. तो चहा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "वहिनी, मंदाताईंवर एक मालिका करावी असं मनात आहे. एकटी बाई, कारखाना, संघर्ष. त्यांना खरी श्रद्धांजली होईल. तुम्ही सांगाल ना मला थोडं?"

मी सांगितलं. पण वेगळंच. म्हटलं, तुमचा बहिरा सासरा आठवतोय? तो आमच्या ताईंनी या ओट्यापाशी रचला. कुंडीतलं मृत्युपत्रही त्यांचंच. तुम्ही लिहायचात आणि त्या टाकीपाशी आदल्या दिवशी सांगायच्या, म्हणून तुमची मालिका बघायची सोडली सगळ्यांनी. त्यांनी बंद पाडली तुमची साडेसातची.

तो हसला. मनापासून हसला, तेच तर वाईट. "अहो वहिनी, मालिका अशा बंद पडतात होय? वर चॅनलकडे आकडे असतात. एका बिल्डिंगने काय होतंय?"

कदाचित खरंच असेल त्याचं.  तुम्ही एवढे जिने चढलात, एवढ्या वाट्या परत केल्यात, आणि हा माणूस तुमच्या तेराव्याला बसून हसत होता. रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात नीता म्हणाली, "आपल्या घरात पण बंद होती."

"काय?"

"शेवटचे सहा महिने मी एकही भाग बघितला नाही. तू शूटिंगला असायचास."

"रोज तर सांगायचीस मला. आजचा छान झाला, म्हाताऱ्याने मान वळवली ते मस्त जमलं—"

"मंदाताई सकाळी पाण्याला सांगायच्या ना. त्याच्यावरून सांगायचे."

ताई, तुम्ही हवा होतात! त्याचं हसू तसंच राहिलं आणि तोंड मात्र उतरलं. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तुमच्या फोटोकडे बघायचं मात्र टाळलं. अर्धा चहा तसाच ठेवून तो खाली रिक्षा बघायला गेला. "आणखी अर्धा कप घेता का?" असं मी मुद्दाम जिन्यापर्यंत जाऊन विचारलं. मला इतकं बरं वाटत होतं की सुतकातून उठल्यासारखं नाही, लग्नातून उठल्यासारखं वाटत होतं.

इथेच संपवता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण नीता कप विसळायला माझ्यामागून आत आली.

ओट्यापाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "सुमन, आता त्या नाहीत म्हणून सांगते. गुलाबआत्या आली ना, त्याच आठवड्यात ताई वर आल्या होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, एकच विचारते. आमची सुमन माझं सांगत होती तेव्हा रडत होती की हसत होती?"

मी नळ बंद केला.

"मी म्हटलं, रडत होती. डोळ्याला पदर लावून रडत होती. तर म्हणाल्या, मग झालं. मी विचारलं म्हणून तिला सांगू नको, जीव खाईल स्वतःचा."

एवढं बोलून नीताने माझ्याकडे बघितलं आणि दुसरा कप घेतला. पहिला मी पुसून पालथा घातला.

म्हणजे चार वर्षं तुम्ही सूड घेत नव्हतात. तुम्ही मला सोडून दिलं होतंत. त्याला सोडलं नाहीत, नवऱ्याला शेवटपर्यंत सोडलं नाहीत, मला सोडलंत, त्या एका शब्दावर.

ताई, नीता खोटं बोलली. मला वाचवायला बोलली. मी रडत नव्हते. मी डोक्यावर पदर घेतला होता, गवारीचं ताट हातात धरलं होतं, आणि तिच्या दाराकडे तोंड करून तुमच्या आवाजात हाका मारून दाखवल्या होत्या. नीता हसली. पडद्यामागून तोही हसला. ते हसले म्हणून मी पुन्हा एकदा करून दाखवलं.